दोन बोटांची जागा

सकाळी 6:30

काल रात्री मालक गाडी लावून गेले तेव्हाच त्यांना सांगितलं होतं की सकाळी मी येईपर्यंत स्टार्टर मारायचा नाही. मला गाडी रात्रभर थंड झालेली हवी असते. सायलेन्सरचं माप थंड गाडीवर घ्यायचं आणि गरम गाडीवर परत तपासायचं. मधे कुठेतरी घेतलेलं माप कशालाच उपयोगी पडत नाही.

शिवाजी उद्यमनगरात या वेळेला शांतता असते. शेजारच्या फाउंड्रीचं शटर अजून खाली आहे, चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा भरभरतोय. मी चाकांना उटी लावली, पोतं अंथरलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. टाटाची जुनी सहा चाकी, 1613. मूळचा सायलेन्सर सडून त्याला भोकं पडली होती. मालकांनी बाजारातून तयार सायलेन्सर नळ्यांसकट आणला आणि दुसरीकडे कुठेतरी बसवून घेतला. चार फेऱ्या झाल्या आणि गाडी खालून टणाटण वाजायला लागली. म्हणून माझ्याकडे आली.

आवाज कुठून येतो हे चालू गाडीवर कान लावून शोधण्यापेक्षा बंद गाडीवर डोळ्यांनी शोधावं. लोखंडाला लोखंड लागलं की खूण राहतेच. या गाडीला तीन खुणा सापडल्या. सायलेन्सरच्या मागच्या बेंडची पाठ चेसीच्या क्रॉस मेंबरला घासून चांदीसारखी चमकत होती. प्रोपेलर शाफ्टवर एका जागी गोल रेघ उमटली होती, म्हणजे फिरता शाफ्ट नळीला लागून गेला होता. आणि ब्रेकच्या हवेचा काळा नायलॉन पाइप एका ठिकाणी किंचित फुगून तुकतुकीत झाला होता.

पहिल्या दोन खुणांनी आवाज होतो. तिसरीने काहीच आवाज होत नाही, आणि मी उठून बसलो ते तिसरीमुळे.

7:15

आयटीआयचा पोरगा आला. कळंब्याला शिकतो, सहा महिन्यांसाठी माझ्याकडे शिकाऊ आहे. हात धुण्याआधीच गाडीखाली डोकं घालतो, त्यामुळे मला तो आवडतो.

"वस्ताद, बेंड आणि मेंबरमधी गॅप हाय की. फिलर जातोय."

"किती जातोय?"

"नऊ एमएम."

त्याला पाटीवर हिशेब करायला लावला. सायलेन्सरचं पुढचं ब्रॅकेट चेसीला घट्ट आहे, म्हणून नळी तापली की मागेच वाढणार. तिथून बेंडपर्यंतचं अंतर तीन मीटर. साधं लोखंड दर अंशाला, दर मीटरला 0.012 मिलिमीटर वाढतं. चढावर भरलेली गाडी ओढताना एवढ्या मागची नळी तीनशे अंशांनी तरी तापते असं धरू. पोराने गुणाकार केला, पुसला, परत केला.

"जवळजवळ अकरा."

नऊच्या फटीत अकरा मावत नाहीत. उभ्या थंड गाडीत ही गॅप छान दिसते, घाटात ती उरतच नाही. नळी मेंबरला टेकते, पुढे जायला जागा नाही म्हणून वाकते, आणि तो सगळा जोर पुढच्या फ्लँजवर आणि बेलोवर, म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामधल्या लवचिक जोडावर, जातो. मग लोक म्हणतात बेलो हलका निघाला. बिचाऱ्या बेलोचा त्यात काहीच दोष नसतो.

8:00

काम सुरू करणार तोच उसाची गाडी दारात. ड्रायव्हर ओळखीचे, वयाने मोठे, मी त्यांना मामा म्हणतो. गळीत हंगाम ऐन भरात आहे, रात्रभर कारखान्यावर नंबरला उभे राहून सकाळी मोकळे झालेले. खालून जळल्याचा वास येतोय म्हणाले.

सायलेन्सरच्या वर, चेसीच्या कोनात, मूठभर नव्हे, घमेलंभर पाचट अडकलेलं होतं. खालचा थर काळा पडून कोळशासारखा झाला होता. हाताने चुरगाळला तर बोटांत राख आली. कारण पाहिलं तर हँगरचं रबर तुटलेलं, आणि कुणीतरी बाइंडिंगच्या तारेने सायलेन्सर बांधलेला. तारेला तो एका बाजूला चार बोटं खाली लोंबत होता. अशी गाडी फडात शिरते तेव्हा खाली गुडघाभर वाळलेलं पाचट असतं. ऊस भरेपर्यंत गाडी एका जागी उभी, तापलेला पत्रा पाचटावर टेकलेला, आणि वर बारा-चौदा माणसं मोळ्या चढवतायत.

मामांना मी चिडून बोललो, आणि ते गप्प ऐकून घेत होते. त्यांचीही चूक नाही. मालक फोनवर पुढची फेरी विचारतो, कारखाना थांबत नाही, तोडणीची टोळी थांबत नाही. रबर घ्यायला गाडी थांबवणार कोण?

रबर नवीन घातलं, सायलेन्सर वर उचलला, सगळं पाचट हुकने ओढून काढलं. वर पत्रा बसवला, पण सायलेन्सरला चिकटवून नाही. चार बोल्टांत जाड वॉशर घालून पत्रा आणि सायलेन्सर यांच्यात 12 मिलिमीटर हवा ठेवली. ती वाहती हवा उष्णता घेऊन जाते म्हणून पत्रा वाचवतो. चिकटून बसवला तर थोड्या वेळात तो सायलेन्सरइतकाच तापेल. पट्टी गुंडाळण्याचीही एक पद्धत आहे. पण ऊस वाहणाऱ्या गाडीला चिखल-पाणी रोजचंच, पट्टीत ओल धरते आणि आतून नळी सडते. पूर्वी तर आम्ही अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचो, हातांनी. तिची धूळ छातीला काय करते ते कळल्यापासून दुकानात तिचा तुकडाही ठेवलेला नाही.

मामांकडून रबराचे आणि पत्र्याचे पैसे घेतले. मजुरी घेतली नाही.

9:20

पुन्हा 1613. मालक आले. गूळ वाहतात. शाहू मार्केट यार्डातून गुजरातकडे जातो तो माल.

"वस्ताद, पाच वाजता यार्डात गाडी लागाय पायजे. रवे तयार हायेत. जिथं लागतंय तिथं नळी हातोड्यानं बसवा आत जरा, झालं."

हे मला महिन्यातून चार वेळा ऐकावं लागतं. नळी ठोकून चपटी केली की गॅप मिळते, खरंच मिळते, पाच मिनिटांत मिळते. पण गोल नळी निम्म्या उंचीला चपटी केली की धुराची वाट चौथ्या हिश्शाने कमी होते. हे मी कागदावर काढून ठेवलंय आणि दुकानात टांगलंय. इंजिनाचा श्वास तिथे अडतो, धूर मागे रेटतो, टर्बो तापतो, अ‍ॅव्हरेज पडतो. मालक मग पंप बघायला जातात, नोझल बदलतात.

मालकांना तो कागद दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बरं. पण पाच वाजता."

आता आमचा नेहमीचा पहिला नियम: आधी सगळं ढिलं करायचं. कापाकापीला हात लावण्याआधी पुढच्या फ्लँजपासून शेवटच्या क्लॅम्पपर्यंत प्रत्येक नट सोडायचा आणि सायलेन्सर नुसता हँगरवर लोंबू द्यायचा. बऱ्याच गाड्यांचं दुखणं एवढ्यानेच जातं, कारण बसवणाऱ्याने मागून आवळत आणलेलं असतं आणि सगळी चूक पुढे जाऊन साठते. इंजिनाकडून सुरू करावं, जोड हाताने फिरवत फिरवत नळी स्वतःहून जिथे बसते तिथे बसू द्यावी, आणि आवळतही पुढून मागे यावं. बेलो आयता बसला पाहिजे. ताणून किंवा पिळून बसवलेला बेलो लवकर तडकतो. इंजिन रबरावर हलतं, सायलेन्सर चेसीबरोबर चालतो, आणि त्या दोघांमधलं सगळं हलणं बेलोने एकट्याने सोसायचं असतं.

जोड फिरवल्यावर मेंबरपाशी नऊचे एकवीस झाले. एक दुखणं गेलं. शाफ्टचं मात्र तसंच राहिलं.

10:30

या शाफ्टवर दिवसातला निम्मा वेळ गेला, म्हणून नीट सांगतो.

या गाडीत धूर इंजिनाच्या एका बाजूने निघतो आणि बाहेर दुसऱ्या बाजूला पडतो. नियमच आहे: धूर खाली सोडायचा नाही आणि डावीकडे सोडायचा नाही, कारण डावीकडे फुटपाथ, स्टॉप, माणसं. म्हणून नळीला कुठेतरी चेसीखालून आडवं जावं लागतं, आणि मधे प्रोपेलर शाफ्ट असतो. या तयार सेटमध्ये नळी शाफ्टच्या वरून जात होती. रिकाम्या गाडीत मधे गॅप 26 मिलिमीटर.

पोरगा म्हणाला, "पुरंल की."

त्याला मागच्या चाकापाशी नेलं. मागच्या अ‍ॅक्सलचं हौसिंग आणि वरचं बंप रबर यांच्यातलं अंतर मोजायला लावलं. 90 मिलिमीटर निघालं. गाडी पूर्ण भरली आणि खड्ड्यात आपटली तर पाटे दबून हौसिंग तेवढं वर येऊ शकतं. शाफ्टचं मागचं टोक हौसिंगला जोडलेलं, पुढचं टोक सेंटर बेअरिंगमध्ये धरलेलं. आपली नळी शाफ्टला ओलांडते ती बेअरिंगपासून बरोबर तिसऱ्या हिश्शावर. मग मागे 90 वर आलं तर नळीखाली शाफ्ट किती वर येईल?

त्याने बोटाने हवेत रेघ काढली. "तीस."

आणि गॅप 26.

त्या गोल रेघेचं उत्तर त्याला मिळालं, आणि ते त्याने स्वतः काढलं याचा मला आनंद झाला. रिकाम्या गाडीत जे दिसतं ते गाडीचं खरं रूप नसतं. ती भरते, तापते, उसळते, गिअर टाकला की तिचं इंजिन कलतं. त्या सगळ्याला पुरेल एवढी जागा आधीच राखून ठेवायची असते.

आडवी नळी वर सरकवायची तर बेंड बदलावा लागणार. तयार बेंड हवा त्या कोनाचा मिळेना. मग सहा मिलिमीटरची सळई घेतली आणि गाडीखाली धरून वाकवत गेलो: इथे मेंबर चुकव, इथे शाफ्टवर उंच जा, इथे हवेच्या पाइपापासून लांब रहा. सळईचा तो वाकडातिकडा कित्ता जमिनीवर ठेवून खडूने गिरवला. आता नळीला त्या रेघेवर यायचं होतं.

12:00

नळी वाकवायची आमची जुनी रीत वाळूची. शेजारच्या फाउंड्रीतून घमेलंभर वाळू आणली आणि पत्र्यावर टाकून खालून जाळ दिला. वाळू पूर्ण कोरडी हवी. ओल राहिली तर नळी तापल्यावर आत वाफ होते आणि टोकाला ठोकलेली लाकडी गुडदी गोळीसारखी सुटते. भाजताना वाळूतून आधी वास येतो, मग वाफ दिसते, मग ती उलथन्याखाली पाण्यासारखी सरकायला लागते. तोपर्यंत थांबायचं.

नळीच्या एका टोकाला गुडदी ठोकली, नळी उभी धरून वाळू भरत गेलो, आणि पोरगा बाजूने लाकडी हातोडीने टकटक करत राहिला. टकटक केली की वाळू बसते, आणखी मावते. आवाज पोकळचा भरीव होईपर्यंत भरायची. दुसरी गुडदी मारली. मग वाकवायच्या जागी गॅसचा जाळ फिरवत नळी गडद लाल केली आणि कित्त्याच्या रेघेवर हळूहळू ओढली. आत वाळू असल्यामुळे नळी पोटात दबत नाही, वळणावरही गोलच राहते. एका दमात ओढायची नाही. थोडी ओढ, रेघेवर ठेव, बघ, परत तापव.

वाळू ओतून काढली, आतून फडका फिरवला. एक कण जरी राहिला तरी तो पुढे धुराबरोबर सायलेन्सरात खुळखुळत राहतो.

1:30

भाकरी, खर्डा, दही. जेवताना एक टिपरवाले येऊन गेले. त्यांची गाडी बीएस-6, म्हणजे एप्रिल 2020 नंतरची. फिल्टरचा डबा काढून सरळ नळी टाकून द्या म्हणाले. मी नाही म्हणालो. तो डबा धूर धुतो, युरियाचं पाणी तिथेच काम करतं, आणि काजळी जाळताना आत सहाशे अंशांच्या घरात जातं. कंपनीने त्याच्याभोवती राखलेली जागा आणि लावलेले पत्रे विचार करून लावलेत. ते काढणं कायद्याच्या विरुद्ध आहेच, शिवाय मागच्या गाडीतल्या माणसाच्या छातीत ती काजळी जाते. ते दुसरीकडे गेले.

2:15

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढली. डिझेल टाकीवर आणि हवेच्या पाइपांवर ओली पोती टाकली, पाण्याची बादली जवळ ठेवली. नळी गाडीवर धरून फक्त चार टाके मारले, अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी शेजारी लावून, म्हणजे करंट बेअरिंगांमधून फिरत नाही. मग नळी उतरवली आणि पूर्ण वेल्डिंग बाकावर केलं. गाडीखाली उताणं झोपून केलेल्या वेल्डिंगमध्ये वरची बाजू कधीच नीट होत नाही, आणि धूर नेमका तिथूनच फुटतो.

फुटलेला धूर डिझेलच्या नळीवर गेला तर काय होईल ते सांगायला नको. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये लिहिलंय की धुराची नळी डिझेलच्या नळीपासून 35 मिलिमीटरच्या आत नको. माझी पहिली दोन बोटं शेजारी धरली की बरोबर 35 भरतात. म्हणून आमच्या दुकानात 'दोन बोटं' हे मापच आहे. ते कमीत कमी. हवेच्या नायलॉन पाइपाला मी चार बोटं ठेवतो आणि मधे पत्राही लावतो.

ही चार बोटं माझ्याकडे एका चुकीतून आली. दुकान सुरू करून दोनच वर्षं झाली होती. एका दहा चाकीला सायलेन्सर बसवला आणि हवेच्या पाइपापाशी एक बोट जागा ठेवली. गाडी कोकणातून चिरा घेऊन करूळ घाट चढत होती. तास-दीड तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, नळी लाल व्हायच्या बेतात, पाइप मऊ पडला आणि फुटला. हवा उतरली, बझर वाजला, मागची चाकं जाम झाली. चढ होता म्हणून गाडी जागेवर थांबली. रात्री अकराला फोन आला. मी पाइप आणि पाना घेऊन गेलो तेव्हा ड्रायव्हर दरीच्या कठड्यावर बसून होते. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. नुसता चहाचा थर्मास पुढे केला.

आज या गाडीचा फुगलेला पाइप बदलला. क्लिपा चेसीच्या वरच्या कडेला नेल्या.

4:00

नवी नळी चढली. शाफ्टपाशी गॅप 58. मेंबरपाशी 24. मागच्या हँगरची भोकं कानशीने लांबट केली, म्हणजे नळी वाढली की हँगर अडवणार नाही. मालकांना स्टार्टर मारायला सांगितलं. मी बाजूला उभं राहून इंजिन पाहत होतो: रेस दिली की ते रबरावर कलतं, आणि त्याबरोबर पुढची नळी किती सरकते ते खडूच्या खुणेवर दिसतं. पाच-सहा मिलिमीटर. बेलोने ते निमूट घेतलं.

मग पन्हाळ्याच्या रस्त्याला चढापर्यंत जाऊन आलो. परत येऊन लगेच टॉर्च मारला. मेंबरपाशी 24 चे 17 झाले होते. रिकाम्या गाडीची धाव आहे, भरल्यावर आणखी तीन-चार जातील. चालेल.

5:40

यार्डात. मालकांनी विचारलं, "झालं की काम, तुम्ही कशाला येताय?" त्यांना सांगितलं की गाडी भरताना मला ती बघायचीय.

डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला शाडूचा गोळा होता. दरवर्षी गणपतीच्या दिवसांत शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणतो, वर्षभर पुरतो. गाडी बंद, उटी लावलेली, किल्ली माझ्या खिशात. शाफ्टवर तेलाचा कागद ठेवला आणि त्यावर शाडूचा उभा गोळा, वरची नळी जेमतेम टेकेल असा.

हमाल गुळाचे रवे चढवायला लागले. खाली मी आणि पोरगा टॉर्च धरून. एकेक थर चढला की पाटे करकरतात आणि हौसिंग तसूतसूने वर येतं, ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पण गोळ्याकडे पाहत राहिलं की त्याच्या कडा हळूहळू बाहेर फुगताना दिसतात. पोराने श्वास धरला होता. वरून गुळाचा गोड वास येत होता, खाली तापलेल्या लोखंडाचा.

7:10

भरती संपली. गोळा अलगद काढला, पात्याने मधोमध कापला आणि पट्टी लावली.

"अडतीस," पोरगा म्हणाला.

शाफ्ट वीस मिलिमीटर वर आला होता. तिसऱ्या हिश्शाने वीस, म्हणजे मागे साठ. त्याने लगेच पळत जाऊन बंप रबरपाशी मोजलं. राहिले होते तीस. हिशेब जमला. खड्ड्यात पूर्ण आपटली तरी शाफ्टवर 28 राहतील.

मी त्याला गाडीखालून सगळी हत्यारं मोजून काढायला सांगितली: दोन पाने, पट्टी, टॉर्च, खडू, तेलाचा कागद. कागद दोनदा बघायला सांगितला. मग उटी काढली आणि खिशातली किल्ली ड्रायव्हरच्या हातात दिली. त्यांना म्हणालो, पहिल्या शंभर किलोमीटरला थांबून फ्लँजचे नट एकदा आवळा, गरम असतानाच, हातमोजा घालून. पाना त्यांच्या केबिनमध्ये ठेवला.

गाडी यार्डाच्या फाटकातून बाहेर वळली. खालून काही वाजलं नाही. शाडूचे दोन तुकडे पोराने परत एक करून मळले, पाण्याचा हात लावला आणि फडक्यात बांधले.